मावेल तेवढे पीठ

माझ्या नवऱ्याच्या आजीच्या वहीत ख्रुस्तची कृती सात ओळींत संपते, आणि त्यांतली जी ओळ पहिल्या वाचनात मला अपुरी वाटली तीच सर्वांत नेमकी आहे, हे कळायला मला एक वर्ष आणि एक फसलेला घाट लागला. पाच अंड्यांचे बलक, पाच चमचे आंबट साय, एक चमचा स्पिरिट, अक्रोडाएवढे लोणी, थोडी साखर, चिमूटभर मीठ असे सगळे ओळीने मांडून झाल्यावर पिठापुढे त्यांनी निळ्या शाईत फक्त ‘इले जाब्येझे’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ ‘जितके घेईल तितके’. घारगे करताना माझी आई शिजलेल्या भोपळ्यात ‘मावेल तेवढी कणीक’ घालायला सांगते, ते आणि हे एकच.

आम्ही क्राकूफ शहरात राहतो आणि आजी, म्हणजे पोलिश भाषेत बाब्चा, तिथून पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या बोख्न्या या गावी राहतात. हे गाव त्याच्या जुन्या मिठाच्या खाणीसाठी ओळखले जाते. दर वर्षी हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्या स्वयंपाकघरात ख्रुस्त तळला जातो आणि त्याचा ठरलेला दिवस असतो ‘त्वुस्ती च्फार्तेक’, शब्दशः सांगायचे तर ‘तुपकट गुरुवार’. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ एका बुधवारी सुरू होतो आणि त्या बुधवारच्या आधीच्या गुरुवारी पोलंडमध्ये घरोघरी गोड तळण खाल्ले जाते. ईस्टरबरोबर ही तारीखही पुढेमागे सरकते. २०२४ साली ती ८ फेब्रुवारीला आली आणि २०२५ साली २७ फेब्रुवारीला. श्रावण लागण्याआधी आपल्याकडे आखाड तळतात, कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, त्यामुळे या गुरुवारामागचा विचार मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. त्या दिवशी मिठाईच्या दुकानांपुढे पोंच्कीसाठी, म्हणजे आत गुलाबपाकळ्यांचा मुरंबा भरलेल्या, यीस्टने फुगवून तळलेल्या गोळ्यांसाठी, सकाळपासून रांगा लागतात. बाब्चा मात्र पोंच्की विकतच्या आणतात आणि आपली सगळी शक्ती ख्रुस्तवर खर्च करतात, कारण विकतचा ख्रुस्त कधीच पुरेसा पातळ नसतो, असे त्यांचे ठाम मत आहे. ते मत आता माझेही झाले आहे.

ख्रुस्त म्हणजे वाळक्या काटक्या. लांबट पट्टीला मधोमध चीर देऊन, तिचे एक टोक त्या चिरेतून ओढून घेऊन तळलेली ही पिळदार, फिकट सोनेरी आणि अतिशय ठिसूळ पट्टी ताटात ओतली की खरोखर वाळक्या फाट्यांसारखी खळखळते. क्राकूफच्या बाजूला हेच नाव चालते. माझ्या सासूबाई वॉर्सा शहरातल्या असल्यामुळे त्या याला ‘फावोर्की’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला आहे आणि त्याच्या मुळाशी अरुंद फितीचा अर्थ आहे. घरात दोन्ही नावे चालतात आणि कोणते बरोबर यावर दर वर्षी थोडी चर्चा होतेच. खळखळाट महत्त्वाचा मानला तर काटक्या, आकार महत्त्वाचा मानला तर फिती. मी बाब्चांच्या बाजूची आहे.

७ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, मी रजा घेऊन सकाळच्या गाडीने बोख्न्याला गेले, कारण त्या हिवाळ्यात बाब्चांचा उजवा खांदा इतका दुखत होता की लाटणे उचलणे त्यांना शक्य नव्हते. त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सांगणार आणि हात माझे चालणार, असे ठरले होते. कृती कायमची टिपून ठेवण्याचा हाच योग्य प्रसंग आहे असे मला वाटले, म्हणून मी जाताना स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पिशवीत घालून नेला. त्यांचे ‘जितके घेईल तितके’ मला ग्रॅममध्ये हवे होते. पिठाची पिशवी उघडण्याआधी मी तिचे वजन करून ठेवले आणि काम संपल्यावर पुन्हा केले. लाटताना भुरभुरवलेले पीठ वजा जाता कणकेत ३१० ग्रॅम पीठ गेले होते. पोलंडमध्ये पिठाच्या पिशवीवर ४५०, ५००, ६५० असे आकडे असतात. शंभर किलो पीठ जाळल्यावर किती ग्रॅम राख उरते, यावरून ते ठरतात; आकडा लहान तितके पीठ पांढरे आणि कोंडा कमी. बाब्चा ४५० आकड्याचे पीठ वापरतात, जे आपल्या मैद्याच्या बरेच जवळचे आहे.

काम सुरू झाले ते मोठ्या लाकडी फळीवर. ‘स्तोल्नीत्सा’ नावाची ही फळी जवळजवळ अर्धे टेबल व्यापते आणि तिच्या पुढच्या कडेला खालच्या बाजूने एक पट्टी ठोकलेली असते, ती टेबलाच्या काठाला अडते, त्यामुळे कितीही जोर लावला तरी फळी मागे सरकत नाही. त्या पट्टीचे मोल अर्ध्या तासाने कळले. पिठात आळे करून बलक, साय, लोणी आणि बाकीचे घातले. स्पिरिट म्हणजे दुकानात मिळणारे पंचाण्णव टक्क्यांचे खाण्यायोग्य मद्यार्क, जे एरवी घरगुती फळांची मद्ये करण्यासाठी वापरतात. ते चमचाभर घातल्याबरोबर एक झणझणीत वास नाकात गेला. पाणी मिळाले की पिठात जो चिवटपणा तयार होतो तो मद्यार्काने तितका होत नाही, आणि गरम तळणात ते झपाट्याने उडून जाताना पापुद्र्याला फोड आणते. खुसखुशीतपणासाठी आपण कडकडीत मोहन घालतो. इथे तेच काम चमचाभर स्पिरिट, साईतली चरबी आणि थोडेसे लोणी मिळून करतात. स्पिरिट नसेल तर व्हिनेगर चालते, असेही बाब्चांनी सांगितले, पण ते सांगताना त्यांचा चेहरा फारसा अनुकूल नव्हता.

कणीक दहा मिनिटे मळल्यावर ती मला झाल्यासारखी वाटली. ‘आता मार,’ बाब्चा म्हणाल्या.

मारायचे म्हणजे लाटण्याने अक्षरशः झोडपायचे. गोळा फळीवर ठेवून त्यावर लाटण्याचे तडाखे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत देत जायचे, तो चपटा झाला की चौघडी करायची, फिरवायची आणि पुन्हा मारायचे. ख्रुस्तमध्ये सोडा नाही, यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही. त्याला जे काही फुगायचे आहे ते या मारातून आत कोंडलेल्या हवेवर. पहिली पाच मिनिटे ‘थप थप’ असा मऊ, बसका आवाज येत होता. त्यानंतर कणीक हळूहळू रेशमासारखी गुळगुळीत होत गेली आणि घडीत अडकलेली हवा फुटताना मधूनच ‘पट्’ असा आवाज येऊ लागला. बाब्चा खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या आणि मला वाटले की त्यांना डुलकी लागली, पण मी थांबले की त्या डोळे न उघडता ‘अजून’ म्हणत. वीस मिनिटांनी त्यांनी सुरी मागितली आणि गोळा मधोमध कापायला लावला. कापलेल्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढी असंख्य छिद्रे दिसत होती. त्यांनी बोट टेकवून पाहिले, गोळ्यावर वाडगे पालथे घातले आणि एक तास त्याला कोणी हात लावायचा नाही असे बजावले.

त्या तासाभरात आम्ही उरलेल्या पाच पांढऱ्या बलकांची सोय लावली. साखर घालून ते फेसले आणि मंद भट्टीत वाळवून त्याच्या बेझा, म्हणजे पांढऱ्या कुरकुरीत वड्या केल्या. बलक लागणारा प्रत्येक पदार्थ झाला की या घरात दुसऱ्या दिवशी बेझा असतातच.

लाटण्यापर्यंत आलो तेव्हा बाब्चांचे ‘रादेव्को’, म्हणजे नक्षीदार कडा कापणारी फिरकी, दांड्यातून निखळलेली निघाली. लग्नानंतर आईने मला पितळी कातणे दिले होते, ज्याच्या एका टोकाला चमचा आणि दुसऱ्या टोकाला दातेरी चाक असते, आणि मी ते त्या दिवशी सहज बरोबर घेतले होते. करंजीचे ते कातणे बाब्चांनी हातात घेऊन चाक अंगठ्याने फिरवून पाहिले आणि ते कुठले म्हणून विचारले. मी कोल्हापूरचे म्हटल्यावर त्यांनी ते नाव सावकाश उच्चारले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते, आणि त्यामुळे हे नाव इथल्या वडीलधाऱ्यांच्या कानावरून गेलेले असते. मग त्यांनी कातणे मला परत दिले आणि पट्टीची रुंदी दोन बोटे ठेवायला सांगितली.

ख्रुस्तची पोळी किती पातळ असावी याचे माप त्यांच्या टेबलावरच्या मेणकापडावर होते. त्या कापडावर निळ्या-पांढऱ्या चौकडी आहेत. लाटलेली पोळी दोन्ही हातांनी अलगद उचलून त्यावर धरली की खालच्या चौकडी दिसल्या पाहिजेत. नुसता निळा रंग जाणवून भागत नाही, रेघ मोजता आली पाहिजे. माझी पहिली पोळी तीन वेळा परत फळीवर गेली. चौथ्या वेळी रेघा दिसल्या. त्यानंतर दोन बोटे रुंद आणि वीतभरापेक्षा थोड्या कमी लांबीच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीच्या मध्यावर चार-पाच सेंटिमीटरची चीर द्यायची आणि एक टोक तिच्यातून ओढून घ्यायचे. ओढताना घाई केली तर चीर फाटते, आणि पट्ट्या पाच मिनिटे उघड्यावर राहिल्या तर कडा वाळून पीळ घेताना तुटतात, म्हणून उरलेला गोळा कायम वाडग्याखाली आणि तयार पट्ट्या ओलसर फडक्याखाली ठेवाव्या लागतात. तळायच्या आधी प्रत्येक पट्टीवरचे कोरडे पीठ झटकायचे. त्यासाठी बाब्चांकडे हंसाच्या पिसांची दोऱ्याने बांधलेली एक जुडी आहे. हे पीठ राहिले तर ते तळणात गळून जळते आणि चौथ्या-पाचव्या घाण्यापासून सगळे काळवंडू लागते. तळणात कच्च्या बटाट्याची एक चकती टाकून ठेवण्याची त्यांची पद्धतही त्याच कारणासाठी आहे.

त्या दिवशी तळण होते डुकराच्या चरबीचे, ज्याला ‘स्मालेत्स’ म्हणतात, कारण त्यांच्या घरात ख्रुस्त पिढ्यान्‌पिढ्या त्यातच तळला गेला आहे. मी तो तळला आणि चवीपुरता एक खाल्ला. माझ्या माहेरी हे चालण्यासारखे नव्हते आणि बाब्चांना मी ते सांगितले, तेव्हा त्यांनी अजिबात वाईट वाटून न घेता उलट विचारले, ‘मग तुझी आई कशात तळते?’ तूप म्हणजे काय हे समजावायला वेळ लागला नाही, कारण कढवलेले लोणी पोलंडमध्येही डब्यात विकत मिळते. ‘पुढच्या वर्षी त्यात करून आण,’ त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, मी क्राकूफच्या आमच्या घरी एका रविवारी रात्री नऊ वाजता पहिल्यांदा एकटीने ख्रुस्त करायला घेतला. हातात वही होती आणि वहीत मी लिहून आणलेला ३१० ग्रॅमचा आकडा होता. दुकानातून आणलेली अंडी मध्यम आकाराची होती. मी पीठ मोजून एकदम घातले आणि कणीक इतकी घट्ट झाली की ती मळताना तळहात दुखू लागले. माझा आकड्यावर विश्वास होता, त्यामुळे मी काही बदलले नाही. मारायला सुरुवात करून दहा मिनिटे होतात न होतात तोच दहा वाजले. इथल्या इमारतींत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचे तास पाळले जातात आणि आमच्या खालच्या मजल्यावर लहान मूल आहे, म्हणून मी लाटणे खाली ठेवले. कापून पाहिलेल्या गोळ्यात छिद्रे जवळजवळ नव्हती. पोळी काही केल्या दोन मिलिमीटरच्या खाली जाईना; लाटावी तशी ती मागे आखडत होती. तळल्यावर जे झाले ते चवीला वाईट नव्हते, पण ते वाकडे शंकरपाळे होते. ताटात ओतले तेव्हा ते खळखळले नाहीत, खडखडले.

त्यांतले चार तुकडे डब्यात घालून मी पुढच्या शनिवारी बाब्चांकडे गेले. त्यांनी एक मोडला, आतला भाग पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो अंड्यांचा. त्यांच्याकडची अंडी शेजारच्या कोंबड्यांची असतात आणि ती चांगलीच मोठी असतात. त्यांचे पाच बलक मी काट्यावर ठेवले तेव्हा शंभर ग्रॅम भरले. घरी परतून माझे मोजले तेव्हा ऐंशी भरले. साईचे तेच. त्यांची साय वाडग्यात सैल हलते, माझी चमच्यावर ताठ उभी राहते. ओलावाच जर प्रत्येक वेळी वेगळा असेल तर पिठाचा आकडा एकच कसा राहील? त्यांनी वहीत ‘जितके घेईल तितके’ लिहिले ते माप ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. माप कणकेकडे असते आणि ते दर वेळी तिलाच विचारावे लागते, म्हणून. मी मोजून आणलेला आकडा फक्त त्या एका बुधवारचा होता.

मग त्यांनी मला कणकेला विचारायचे कसे ते शिकवले, आणि ते वहीत कुठेही नाही. पीठ आधी निम्म्याहून थोडे जास्तच घालायचे आणि बाकीचे मुठी-मुठीने. कणीक तळहाताला चिकटायची थांबते पण बोटाच्या टोकाला अजून किंचित धरते, तिथे हात आवरायचा. अंगठा दाबून पाहिला की खळगा पडला पाहिजे आणि तो हळूहळू, घाई न करता भरून आला पाहिजे. लगेच उसळून आला तर पीठ जास्त झाले आहे किंवा कणकेला विश्रांती कमी पडली आहे. त्यांनी दुखऱ्या हातानेच माझा अंगठा धरून तो कणकेत दाबला आणि वर ओढून घेतला, असे तीन वेळा, तेव्हा कुठे तो खळगा भरून येण्याची गती माझ्या लक्षात राहिली.

२६ फेब्रुवारीच्या बुधवारी मी काम दुपारी संपवले आणि चार वाजता पीठ घेतले. दोनशे ग्रॅमपासून सुरुवात करून मुठीने वाढवत गेले आणि कणीक जिथे थांब म्हणाली तिथे थांबले; कुतूहल म्हणून नंतर वजन केले तर २६५ ग्रॅम पीठ गेले होते. तो आकडा मी लिहून ठेवलेला नाही. आमच्या टेबलावर कड असलेली फळी नाही, म्हणून पोळपाट ओल्या फडक्यावर ठेवला आणि पूर्ण पंचवीस मिनिटे मारले. पंधराव्या मिनिटाला पहिला ‘पट्’ ऐकू आला. गोळा कापल्यावर छिद्रे दिसली, तासभर झाकून ठेवला आणि लाटायला घेतला तेव्हा तो मागे न आखडता पसरत गेला. चौकडीचे मेणकापड नव्हते. त्याऐवजी मी पोळीखाली एक छापील कागद धरला आणि ओळी वाचता येईपर्यंत लाटले.

तळायला तूप वापरले. पसरट पातेल्यात चार बोटे तूप म्हणजे खर्चाचे काम आहे, पण वर्षातून एकदाच करायचे तर ते मला योग्य वाटले. तापमापकावर १७५ अंश दिसल्यावर कणकेचा लहानसा कपटा टाकला. तो तळाला न टेकता लगेच वर आला. एका वेळी चारच पट्ट्या सोडल्या. तुपात पडताच त्यांच्या अंगभर बारीक फोड आले, पीळ आपसूक उघडला आणि वीसेक सेकंदांत खालची बाजू गव्हाच्या वाळलेल्या काडाच्या रंगाची झाली. लाकडी काडीने उलटवून तितकाच वेळ दुसरी बाजू. रंग याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, कारण बाहेर काढल्यावरही तो थोडा गडद होतो. कणकेत साखर अगदी थोडी असते ती त्याचसाठी. गोडी सगळी वरून चाळलेल्या, व्हॅनिलाच्या वासाच्या पिठीसाखरेची. साठाहून अधिक निघाले. कागदावर निथळत ठेवलेले ख्रुस्त उचलले तर खाली तुपाचा डाग जेमतेम दिसत होता.

गुरुवारी संध्याकाळी बोख्न्याला पोचल्यावर मी डबा बाब्चांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला नाही. कानाजवळ नेऊन हलवला आणि थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग झाकण काढून एक ख्रुस्त खिडकीच्या उजेडात धरला, त्यातून पलीकडचे दिसते का ते पाहिले आणि मोडून खाल्ला. तुपाचा वास त्यांना नवीन होता. दुसरा खाताना त्यांनी सासूबाईंना बोलावून वास घ्यायला लावला. सासूबाई ‘फावोर्की छान झाल्यात’ म्हणाल्या आणि बाब्चांनी शांतपणे ‘ख्रुस्त’ अशी दुरुस्ती केली.

शनिवारी त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. निघताना त्यांनी शेजारणीकडून मागवून ठेवलेली दहा अंडी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली, आणि दुप्पट करायचे तर दोन वेगळे गोळे करून मार, एकात सगळे घातलेस तर हवा आतपर्यंत जाणार नाही, असे दारापर्यंत येऊन सांगितले.